मिरचीची गोळी आणि धावपटूचा दम

थंडीची चाहूल लागली की महाराष्ट्रातले पहाटेचे रस्ते धावणाऱ्यांनी भरू लागतात. शहरांत जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनची तयारी सुरू असते. तालुक्याच्या गावी शाळेच्या मैदानावर किंवा डांबरी रस्त्याच्या कडेला पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली १६०० आणि ८०० मीटरच्या फेऱ्या मारत असतात. एकाला पदकाची हौस, दुसऱ्याला नोकरीची गरज. पण दोघांच्याही गप्पांत एक प्रश्न हमखास निघतो : काय घेतले म्हणजे दम वाढेल?

या प्रश्नाची उत्तरे आता डब्यांत मिळतात. 'फॅट बर्नर' किंवा 'प्री-वर्कआउट' अशा नावांनी विकल्या जाणाऱ्या अनेक कॅप्सूल-पावडरींच्या घटकांत एक ओळखीचे नाव दिसते. लेबलवर त्याला 'कॅप्सिकम अर्क' किंवा 'केयन' म्हटलेले असते, पण ती असते आपली लाल मिरचीच. चरबी जाळते, चयापचय वाढवते, दम टिकवते, असे दावे तिच्या नावावर केले जातात. ठेचा-भाकरीवर वाढलेल्या माणसाला यात नवल वाटत नाही. मिरची खाल्ली की अंग तापते, घाम फुटतो, नाक वाहू लागते. एवढी आग पेटवणारी वस्तू चरबीही जाळत असेल, हे पटकन पटते.

प्रयोगशाळांतून मिळालेले उत्तर मात्र वेगळे आहे. मिरचीतल्या तिखट द्रव्याचा व्यायामावर काही परिणाम होतो, हे खरे आहे. तो परिणाम लहान आहे, ठरावीक परिस्थितीतच दिसतो, आणि त्याचे ठिकाण पायांत किंवा फुप्फुसांत नसून बहुधा श्रम जाणवून घेणाऱ्या मज्जासंस्थेत आहे. म्हणूनच तो समजून घेणे गरजेचे आहे.

चव नव्हे, झोंबणे

तिखट ही चव आहे असे आपण धरून चालतो. पण मराठीत मिरची 'झोंबते', जसा गार वारा झोंबतो, जसे जखमेवर लावलेले औषध झोंबते. भाषेने हेरलेली ही गोष्ट शास्त्रानेही मान्य केली आहे. मिरचीचा तिखटपणा जिभेवरच्या चवीच्या पेशींना कळत नाही. तो कळतो वेदना आणि उष्णता ओळखणाऱ्या मज्जातंतूंना.

या तिखटपणाचे मुख्य द्रव्य म्हणजे कॅप्सेसिन. १८७६ साली ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ जॉन क्लॉफ थ्रेश यांनी त्याला हे नाव दिले. पण ते शरीरात नेमके कुठे जाऊन बसते, हे कळायला आणखी सव्वाशे वर्षे लागली. १९९७ साली अमेरिकी शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने मज्जातंतूंवरचा एक ग्राहक शोधून काढला. त्याचे आजचे नाव टीआरपीव्ही-१. हा ग्राहक म्हणजे पेशीच्या भिंतीतला एक दरवाजा. तापमान साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वर गेले की तो उघडतो आणि 'भाजते आहे' असा संदेश मेंदूकडे जातो. कॅप्सेसिन याच दरवाजाला लागू पडणारी किल्ली आहे. तोंडात प्रत्यक्ष काही भाजत नसते, पण मेंदूला तसा निरोप मिळतो. या शोधासाठी ज्युलियस यांना २०२१ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ते त्यांना आर्डेम पॅटापुटियन यांच्यासोबत विभागून देण्यात आले.

भाजल्याचा निरोप मिळाला की शरीर त्यावर उपाय करू लागते. घाम येतो, त्वचेकडचा रक्तप्रवाह वाढतो, अ‍ॅड्रेनालिनसारखी संप्रेरके स्रवतात. अ‍ॅड्रेनालिन साठवलेली साखर आणि चरबी मोकळी करते. व्यायामाच्या वेळीही हेच घडते. या साम्यामुळेच मिरची आणि दम यांची सांगड घालण्याची कल्पना संशोधकांना सुचली.

उंदीर पोहले, पळाले

सुरुवात उंदरांपासून झाली. १९९७ साली जपानमधल्या क्योटो विद्यापीठाच्या संशोधकांनी उंदरांना कॅप्सेसिन देऊन पोहायला लावले. कॅप्सेसिन मिळालेले उंदीर थकेपर्यंत जास्त वेळ पोहले. मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथींतून अ‍ॅड्रेनालिन जास्त स्रवल्यामुळे हे घडले, असा निष्कर्ष संशोधकांनी काढला. २०१२ साली चिनी संशोधकांनी उंदरांच्या रोजच्या खाण्यात कॅप्सेसिन मिसळले. त्या उंदरांची पळण्याची क्षमता वाढली आणि स्नायूंत पेशींची 'ऊर्जाघरे' वाढवणाऱ्या एका प्रथिनाचे प्रमाणही वाढलेले आढळले.

जाहिरातींत 'संशोधनाने सिद्ध' असे जे म्हटले जाते, त्यातला मोठा भाग अशाच प्रयोगांचा असतो. पण उंदराची चयापचयाची गती माणसापेक्षा कितीतरी जास्त असते, त्याला दिलेली मात्रा त्याच्या वजनाच्या मानाने मोठी असते, आणि शरीर गरम ठेवणारी तपकिरी चरबीही त्याच्याकडे माणसाच्या तुलनेत भरपूर असते. तिखटाचा तेवढा डोस माणसाच्या पोटाला पेलवणारा नाही. त्यामुळे खरी परीक्षा माणसांवरच्या चाचण्यांतच होणार होती.

पाच सेकंदांची गोष्ट

त्या परीक्षेत सर्वाधिक चर्चा झालेला प्रयोग ब्राझीलमधल्या संशोधकांचा. तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. नियमित व्यायाम करणाऱ्या १० पुरुषांना धावण्याच्या ४५ मिनिटे आधी १२ मिलिग्रॅम कॅप्सेसिन असलेली कॅप्सूल दिली गेली. दुसऱ्या वेळी तशीच दिसणारी, पण औषध नसलेली कॅप्सूल दिली. मग त्यांनी १५०० मीटर धावून दाखवायचे होते. औषध नसताना सरासरी वेळ आली ३७६.७ सेकंद, कॅप्सेसिन घेऊन ३७१.६ सेकंद. म्हणजे सुमारे पाच सेकंदांचा फरक.

पोलीस भरतीच्या उमेदवाराला १६०० मीटरमध्ये पाच सेकंदांचे मोल काय असते, हे सांगायला नको. मैदानी चाचणीत वेळेनुसार गुण मिळतात आणि एकेका गुणावर शेकडो नावे खाली-वर होतात. त्यामुळे हा आकडा हाती आला की मोह होणे स्वाभाविक आहे. पण तो मिळाला फक्त १० जणांवरून. शिवाय त्याच प्रयोगात आणखी एक नोंद आहे आणि ती जास्त बोलकी आहे : दोन्ही वेळी रक्तातले लॅक्टेट सारखेच होते. स्नायूंत घडणाऱ्या रासायनिक घडामोडींत ठळक बदल दिसला नाही. बदल दिसला तो धावणाऱ्याला श्रम किती जाणवले यात. कॅप्सेसिन घेतल्यावर तेच धावणे थोडे कमी कष्टाचे वाटले.

याच संशोधकांनी वजन उचलणाऱ्यांवर केलेल्या प्रयोगातही असेच दिसले. कॅप्सेसिन घेतल्यावर पायांच्या बैठकांच्या चार फेऱ्यांत एकूण वजन जास्त उचलले गेले आणि श्रम कमी जाणवले. पुढे ४०० आणि ३००० मीटर धावण्याच्या चाचणीतही थोडा फायदा नोंदवला गेला.

नाण्याची दुसरी बाजूही तितकीच पक्की आहे. हौशी पुरुष धावपटूंना १० किलोमीटर धावायला लावले तेव्हा कॅप्सेसिनसारखे द्रव्य घेऊनही वेळेत सुधारणा झाली नाही. त्याआधी २०१२ साली अमेरिकेत १९ खेळाडूंना सात दिवस रोज ३ ग्रॅम केयन मिरचीची पूड कॅप्सूलमधून दिली होती. त्यातून रोज साधारण २६ मिलिग्रॅम कॅप्सेसिन पोटात जात होते, म्हणजे ब्राझीलमधल्या प्रयोगाच्या दुपटीहून अधिक. त्यानंतर त्यांना ३० मीटरच्या १५ धावा लागोपाठ काढायला लावल्या. वेग वाढला नाही. पोटाच्या तक्रारी मात्र वाढल्या.

हे सगळे एकत्र ठेवले की चित्र असे दिसते : काही मिनिटांच्या, जीव तोडून करायच्या श्रमांत किंचित फायदा होण्याची शक्यता. अंतर वाढले की तो फायदा दिसेनासा होतो. आणि दम टिकवण्याची खरी गरज असते ती लांब पल्ल्यालाच.

दम वाढला की जाणीव बोथटली?

श्रम कमी का जाणवतात? कॅप्सेसिनची एक गंमत आहे. ते आधी झोंबते आणि नंतर बधिर करते. टीआरपीव्ही-१ चा दरवाजा वारंवार ठोठावला की तो मज्जातंतू प्रतिसाद देईनासा होतो. म्हणूनच सांधेदुखीच्या मलमांत कॅप्सेसिन असते. नागिणीनंतर महिनोन्‌महिने टिकणाऱ्या मज्जातंतूंच्या वेदनेसाठी ८ टक्के कॅप्सेसिनची पट्टी वापरायला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००९ साली मान्यता दिली. काम करणाऱ्या स्नायूंतूनही 'आता पुरे' असा निरोप मेंदूकडे नेणारे बारीक मज्जातंतू असतात आणि त्यांच्यावरही हा ग्राहक असतो. तो निरोप थोडा मंद झाला तर माणूस थोडा जास्त जोर लावू शकतो, असे संशोधकांचे स्पष्टीकरण आहे.

यात एक शंका राहतेच. मिरचीची कॅप्सूल घेतल्यावर पोटात गरम वाटते, ढेकर तिखट येते. म्हणजे आपल्याला खरी गोळी मिळाली की खोटी, हे काही जणांना ओळखता येऊ शकते, आणि खरी मिळाली असे वाटले की अंगात जोर येतोच. या शंकेवर उपाय म्हणून काही प्रयोगांत कॅप्सिएट वापरले गेले. जपानमधल्या एका बिनतिखट मिरचीत हे द्रव्य सापडले. रचनेने ते कॅप्सेसिनच्या जवळचे, पण तिखटपणा त्याच्या हजाराव्या हिश्श्याएवढा. या गटातल्या द्रव्यांना कॅप्सिनॉइड म्हणतात.

स्पष्टीकरण कोणतेही घेतले तरी धावणाऱ्यासाठी त्यात एक इशारा आहे. थकवा हा शत्रू नाही, ती शरीराची सूचना आहे. पाणी कमी झाले, अंग तापले, हृदयावर ताण आला, तर सर्वांत आधी जाणवतो तो थकवा. उकाड्यात धावताना ही सूचना मंद करणे म्हणजे गाडीच्या तापमानाच्या काट्यावर कागद चिकटवून घाट चढण्यासारखे आहे. जून २०१४ मध्ये मुंबईतल्या पोलीस भरतीत ५ किलोमीटर धावताना काही तरुण उमेदवारांचा मृत्यू झाला आणि त्यानंतर धावण्याचे अंतर कमी करण्यात आले. त्या घटनेचा मिरचीच्या गोळीशी काही संबंध नव्हता. पण नोकरीच्या आशेने शरीराची सूचना झुगारून धावणे किती महाग पडू शकते, हे तिने दाखवून दिले. अशा धावण्याआधी जाणीव बोथट करणारी कोणतीही वस्तू घेणे शहाणपणाचे नाही.

चरबी किती जळते?

आता दुसरा दावा, चरबी जाळण्याचा. येथे सर्वांत जास्त निराशा पदरी येते.

१९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लांब पल्ल्याच्या ८ तरुण धावपटूंना जेवणात तब्बल १० ग्रॅम सुकी लाल मिरची दिली आणि मग तासभर सायकल मारायला लावली. अपेक्षा होती चरबी जास्त वापरली जाण्याची. घडले उलटे. विश्रांतीतही आणि व्यायामातही शरीराने पिष्टमय पदार्थ, म्हणजे साखर, जास्त वापरली. इतर काही प्रयोगांत चरबीचा वापर वाढल्याचेही दिसले आहे. कॅनडातल्या एका प्रयोगात १० मिलिग्रॅम कॅप्सिनॉइड घेतल्यावर बसल्या जागी ऊर्जेचा खर्च थोडा वाढला, पण व्यायाम सुरू होताच फरक नाहीसा झाला. व्यायामाने स्वतःच चयापचय इतके वाढते की त्यात मिरचीची भर दिसून येत नाही.

लांब पल्ल्याच्या धावपटूने पहिल्या निष्कर्षाकडे नीट पाहायला हवे. स्नायू आणि यकृतातला साखरेचा साठा मर्यादित असतो. मॅरेथॉनमध्ये ३० किलोमीटरनंतर अनेकांचे पाय एकाएकी जड होतात ते हा साठा संपत आल्यामुळे. साखर लवकर वापरली जात असेल तर दम वाढणार नाही, उलट लवकर संपेल.

बसल्या जागी वाढणारा ऊर्जेचा खर्च तरी किती? उपलब्ध प्रयोगांचा एकत्र आढावा घेणाऱ्या २०१२ सालच्या एका लेखाने तो दिवसाला सुमारे ५० किलोकॅलरी इतका धरला. एक छोटा चमचा तेलात साधारण ४० ते ४५ किलोकॅलरी असतात. म्हणजे भाजीत एक चमचा तेल कमी घातले की गोळीचे काम झाले. उलट गोळी घेतली आणि त्या भरवशावर एक भजी जास्त खाल्ली की हिशेब बिघडला.

दीर्घकाळ घेतल्यास काय होते? अमेरिकेतल्या एका चाचणीत वजन जास्त असलेल्या ८० जणांपैकी निम्म्यांना १२ आठवडे रोज ६ मिलिग्रॅम कॅप्सिनॉइड दिले. पोटावरच्या चरबीत थोडा फरक दिसला, पण वजन घटले ते सरासरी ०.९ किलो. औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांचेही ०.५ किलो घटले होते. शास्त्राच्या कसोटीवर हा फरक टिकला नाही.

परिणाम प्रत्येकात सारखा का दिसत नाही, याचे एक उत्तर जपानी संशोधकांनी शोधले. काही प्रौढांच्या मानेजवळ आणि खांद्याच्या हाडांपाशी थोडी तपकिरी चरबी असते. ही चरबी ऊर्जा साठवण्याऐवजी जाळून ऊब निर्माण करते. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात १८ पुरुषांना ९ मिलिग्रॅम कॅप्सिनॉइड दिले. ज्यांच्यात तपकिरी चरबी कार्यरत होती त्यांचा ऊर्जेचा खर्च ताशी सुमारे १५ किलोज्यूल वाढला, ज्यांच्यात नव्हती त्यांचा जवळजवळ वाढलाच नाही. १५ किलोज्यूल म्हणजे साडेतीन किलोकॅलरी, अंदाजे एक शेंगदाणा. आणि तपकिरी चरबी जागी होते ती मुख्यतः थंडीत. वर्षातले आठ-नऊ महिने घामाने निथळणाऱ्या मुंबई-कोकणात तिच्यावर विसंबून वजन उतरवण्याची आशा धरणे कठीणच.

मराठी ताटातली मात्रा

या सगळ्या चाचण्या जपान, ब्राझील, अमेरिका, कॅनडा येथे झाल्या. महाराष्ट्रातला धावपटू मात्र आधीच मिरची खात असतो. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी अमेरिका खंडातून आणलेली मिरची गोव्यात उतरली आणि तेथून घाटावर पसरली. एके काळी तिला 'गोवाई मिरची' म्हणत. आज कोल्हापूरचा तांबडा रस्सा, नागपूरचे सावजी मटण किंवा खानदेशातला ठेचा तिच्याशिवाय अशक्य आहे.

मग १२ मिलिग्रॅम कॅप्सेसिन म्हणजे स्वयंपाकघरातली किती मिरची? तिखटपणा मोजण्याची पद्धत अमेरिकी औषधतज्ज्ञ विल्बर स्कोव्हिल यांनी १९१२ साली सुचवली. तिचे एकक आजही त्यांच्या नावाने चालते. शुद्ध कॅप्सेसिनचा तिखटपणा १ कोटी ६० लाख स्कोव्हिल. गुंटूरची तिखट मिरची साधारण ३५ हजारांच्या आसपास, तर रंगासाठी वापरली जाणारी बेडगी १० हजारांच्या आसपास. या हिशेबाने गुंटूर मिरचीच्या एक ग्रॅम पुडीत सुमारे २ मिलिग्रॅम आणि बेडगीच्या पुडीत अर्ध्या मिलिग्रॅमहून थोडे जास्त कॅप्सेसिन निघते. म्हणजे १२ मिलिग्रॅमसाठी गुंटूरची साडेपाच ग्रॅम पूड, म्हणजे चहाचे दोन चमचे, पुरते. बेडगीची मात्र जवळजवळ २० ग्रॅम लागेल. हिशेब ढोबळ आहे, कारण मिरचीचा तिखटपणा वाण, जमीन आणि हंगामानुसार बदलतो. पण एवढे नक्की की झणझणीत खाणाऱ्या घरात दिवसभरात जाणारी मिरची प्रयोगातल्या कॅप्सूलपासून फार दूर नसते.

आणि सवयीचा परिणाम होतो. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातल्या एका अभ्यासात २५ जणांना जेवणातून एक ग्रॅम लाल मिरची दिली. त्यांतले निम्मे तिखट आवडीने खाणारे, निम्मे न खाणारे होते. मिरचीमुळे पुढच्या जेवणात कमी खाल्ले ते प्रामुख्याने तिखटाची सवय नसलेल्यांनी. ज्यांच्या जिभेला आणि पोटाला मिरची रोजची आहे, त्यांच्यावरचा परिणाम फिका पडतो. लहानपणापासून तिखट खाणाऱ्याने महागडी मिरचीची गोळी विकत घेणे म्हणजे विहिरीवर घागर घेऊन जायचे आणि दारात टँकरही मागवायचा, असा प्रकार.

पोट, हृदय आणि लेबल

मिरची घरचीच आहे म्हणून तिची गोळी निर्धोक, असेही समजू नये. जेवणातली मिरची भाकरी, डाळ, दही यांच्यासोबत हळूहळू पोटात जाते आणि जास्त झाली तर जीभच थांबवते. कॅप्सूल जिभेला चकवून थेट जठरात उतरते. धावताना रक्त पायांकडे वळते आणि आतड्यांचा पुरवठा कमी होतो. त्यामुळे लांब पल्ल्याच्या धावपटूंना मळमळ, पोटात कळा, जुलाब यांचा त्रास आधीच होत असतो. त्यात तिखटाची भर पडली की शर्यत रस्त्याऐवजी स्वच्छतागृहात संपते. आम्लपित्त, जठरातला व्रण किंवा मूळव्याध असलेल्यांनी तर या वाटेला जाऊच नये.

हृदयाच्या बाबतीतही सावधगिरी हवी. २०१२ साली तुर्कस्तानातल्या डॉक्टरांनी एका २५ वर्षांच्या तरुणाची नोंद प्रसिद्ध केली. वजन कमी करण्यासाठी तो केयन मिरचीच्या गोळ्या घेत होता आणि त्याला हृदयविकाराचा झटका आला. हृदयाच्या रक्तवाहिनीला पेटके येऊन ती आकुंचन पावली असावी, असे डॉक्टरांचे मत पडले. एका रुग्णावरून सर्वांसाठी निष्कर्ष काढता येत नाही. तरीही रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी, तसेच गरोदर स्त्रियांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय अशा गोळ्या घेऊ नयेत.

स्पर्धेत भाग घेणाऱ्यांना आणखी एक काळजी असते, उत्तेजक चाचणीची. कॅप्सेसिन माणसांसाठीच्या जागतिक प्रतिबंधित यादीत नाही. घोड्यांसाठी मात्र आहे. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये अडथळे ओलांडण्याच्या स्पर्धेतले चार घोडे कॅप्सेसिनच्या चाचणीत दोषी आढळले आणि नॉर्वेच्या संघाला कांस्यपदक गमवावे लागले. घोड्याच्या पायाला कॅप्सेसिन चोळले की ते दुखणे लपवू शकते किंवा त्वचा इतकी हळवी करू शकते की अडथळ्याचा स्पर्श टाळण्यासाठी घोडा पाय जास्त उचलतो. माणसांसाठी धोका वेगळा आहे. 'फॅट बर्नर' प्रकारच्या डब्यांत मिरची एकटी नसते. सोबत भरपूर कॅफिन असते आणि काही वेळा लेबलवर न छापलेली उत्तेजकेही सापडतात. चाचणीत दोषी ठरल्यास 'मला माहीत नव्हते' हे कारण खेळाडूला वाचवत नाही.

मग दम कशाने वाढतो?

पूरक पदार्थांबद्दल आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या तज्ज्ञांनी २०१८ साली एक निवेदन प्रसिद्ध केले. कामगिरी थेट सुधारण्याचा भक्कम पुरावा असलेल्या पदार्थांची त्यातली यादी अगदी छोटी आहे : कॅफिन, क्रिएटिन, नायट्रेट, बीटा-अ‍ॅलानिन आणि खाण्याचा सोडा, म्हणजे बायकार्बोनेट. त्यात कॅप्सेसिन नाही. आणि यादीतल्या पदार्थांचाही उपयोग खेळ, मात्रा आणि व्यक्तीनुसार बदलतो.

तालुक्याच्या मैदानावर धावणाऱ्या मुलासाठी मात्र यादीची गरजच पडू नये. आठवड्यात बहुतेक दिवस बोलता येईल अशा संथ वेगाने धावणे, एक-दोन दिवस वेगाच्या छोट्या फेऱ्या, एक दिवस पूर्ण विश्रांती आणि सात-आठ तास झोप, एवढ्याने काही महिन्यांत जो फरक पडतो तो पाच सेकंदांपेक्षा कितीतरी मोठा असतो. भरतीच्या आदल्या दिवशी पोटभर भात किंवा भाकरी, धावण्याच्या दोन-तीन तास आधी केळे किंवा पोह्यांसारखा हलका नाश्ता आणि पुरेसे पाणी, हीच त्याची खरी पूरक आहाराची यादी. सरावात कधीच न घेतलेली कोणतीही गोष्ट परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा घेऊ नये, हा नियम मिरचीच्या गोळीला तर दुप्पट लागू पडतो.

मिरचीत 'अ' आणि 'क' जीवनसत्त्वे आहेत, ती साध्या भाकरीला चव आणते आणि चव असली की भाजी-भाकरीचे चांगले जेवण पोटभर जाते. हे तिचे काम ती शतकानुशतके चोख करत आली आहे. दम वाढवण्याचे काम पायांचे आणि फुप्फुसांचे आहे, आणि ते रोज थोडे थोडे करावे लागते. डबा विकत घेण्याआधी तेवढे पैसे चांगल्या बुटांवर खर्च केले तर धावपटूच्या गुडघ्यांना त्याचा उपयोग होईल. ठेचा ताटात आहेच.